अनुभवाची कसोटी : केडगावची मुक्ती मंडळी आणि मेथडिस्ट वारसा

ईश्वरी कृपेचा अनुभव खरा की भास, याचा निर्णय तो ज्याला आला त्याने करायचा की तो ज्या धर्मसंस्थेत वावरतो तिने, हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या इतिहासात वारंवार उभा राहिला आहे. पुणे जिल्ह्याच्या दौंड तालुक्यात, भांडगावपासून जवळच असलेल्या केडगावात पंडिता रमाबाईंनी वसवलेल्या मुक्ती मिशनमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी हाच प्रश्न तीव्रतेने पुढे आला. मुक्तीची मंडळी, म्हणजे तेथील उपासक समुदाय, कोणत्याही पंथाशी औपचारिकपणे जोडलेली नव्हती. तथापि तिच्या धार्मिक जीवनाची जडणघडण पाहिली असता मेथडिस्ट पंथाचा वारसा तिच्यात ठळकपणे दिसतो.

हा पंथ अठराव्या शतकात इंग्लंडच्या चर्चमधील एक सुधारणा-चळवळ म्हणून सुरू झाला. त्याचे प्रवर्तक जॉन वेस्ली १७२८ मध्ये दीक्षित धर्मगुरू झाले होते, परंतु आपल्या पापांची क्षमा झाली आहे अशी अंतरीची खात्री त्यांना २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेत पटली. त्यामुळे धर्मतत्त्वे मान्य असणे वेगळे आणि तारणाची प्रचीती येणे वेगळे, हा भेद मेथडिस्ट विचाराच्या मुळाशी राहिला. मात्र वेस्ली केवळ भावनावेगावर विसंबणारे नव्हते. अनुयायांचे सुमारे बारा-बारा जणांचे वर्ग करून दर आठवड्याला प्रत्येकाने आपल्या आचरणाचा हिशेब इतरांपुढे मांडावा, अशी व्यवस्था १७४२ पासून त्यांनी लावली. क्षमा मिळालेल्या माणसाचे अंतःकरण पुढे ईश्वराच्या आणि शेजाऱ्याच्या प्रीतीने पूर्ण भरून जाऊ शकते, या त्यांच्या सिद्धान्ताला संपूर्ण पवित्रीकरण म्हणतात, आणि त्याची खूणही त्यांनी आचरणातच शोधली.

हा विचार पश्चिम भारतात आणला तो अमेरिकन प्रचारक विल्यम टेलर यांनी. १८७० मध्ये ते भारतात आले आणि पुढील दोन वर्षांत मुंबई व पुणे येथे त्यांच्या सभांतून मेथडिस्ट मंडळ्या उभ्या राहिल्या. परदेशी मिशन मंडळाच्या पैशावर न चालता मंडळीने आपला पाळक, म्हणजे धर्मोपदेशक, स्वतः पोसावा, असे स्वावलंबनाचे तत्त्व टेलर यांनी आग्रहाने मांडले. पुण्याच्या सभांत मनःपरिवर्तन झालेले, सरकारी मोजणी खात्यातील विल्यम ओल्डहॅम पुढे बिशप झाले आणि सिंगापूरच्या मेथडिस्ट कार्याचा पायाही त्यांनीच घातला. पुण्यात रुजलेला हा पंथ अशा रीतीने अल्पावधीतच आशियाच्या इतर भागांशी जोडला गेला.

रमाबाईंचा मार्ग स्वतंत्र होता. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, पद्धतीने बाप्तिस्मा घेतला, पण त्यानंतर लगेच त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. चर्चचा अधिकार आणि परंपरा यांपुढे सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकण्यास त्यांनी नकार दिला, हे त्या पत्रव्यवहारातून स्पष्ट होते. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी, विल्यम हॅस्लम या अँग्लिकन धर्मगुरूचे आत्मकथन वाचत असताना, आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला असला तरी ख्रिस्त आपल्याला लाभलेला नाही, असे त्यांना उमगले. हॅस्लम यांना धर्मगुरू असतानाच, स्वतः प्रवचन देताना मनःपरिवर्तनाचा अनुभव आला होता. वेस्लींप्रमाणे त्यांच्या आणि रमाबाईंच्या बाबतीतही संस्थेतील प्रवेश आधी आणि प्रचीती नंतर, असाच क्रम घडला.

मेथडिस्ट परंपरेशी मुक्तीचा प्रत्यक्ष दुवा मिनी एब्रम्स यांच्यामुळे जुळला. मेथडिस्ट स्त्रियांच्या मिशनरी संस्थेतर्फे १८८७ मध्ये मुंबईत आलेल्या एब्रम्स १८९८ मध्ये केडगावात दाखल झाल्या. तोपर्यंत १८९६-९७ च्या दुष्काळातून वाचवलेल्या मुलींनी मुक्तीचा परिसर भरला होता आणि पुढे गुजरातच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. जानेवारी १९०५ मध्ये रमाबाईंनी सुमारे सत्तर जणींचा प्रार्थनागट सुरू केला, तो वाढत जाऊन जूनअखेर साडेपाचशेवर पोहोचला, आणि त्याच सुमारास मुक्तीत ज्या घटनेला उज्जीवन, म्हणजे मंडळीतील श्रद्धेचे सामुदायिक पुनर्जागरण, म्हणतात ती सुरू झाली. मुली मोठ्याने रडून पापे कबूल करू लागल्या, शेकडो जणी एकाच वेळी उच्च स्वरात प्रार्थना करू लागल्या, आणि अंतरी अग्नी पेटल्याचे कित्येकींनी सांगितले. पुढे अपरिचित भाषांतून प्रार्थना होऊ लागल्याच्याही नोंदी आहेत.

यावर टीका होणे स्वाभाविक होते, कारण शांत आणि शिस्तबद्ध उपासनेची सवय असलेल्या अनेक पाश्चात्त्य मिशनऱ्यांना हा निव्वळ उन्माद वाटला. रमाबाईंनी १९०७ मध्ये ‘मुक्ती प्रेअर बेल’ या नियतकालिकातून त्याला उत्तर देताना, भारतीय श्रद्धावंतांवर पाश्चात्त्य उपासनेचे साचे लादू नयेत, अशी भूमिका घेतली. एब्रम्स यांनी १९०६ मध्ये ‘पवित्र आत्मा व अग्नी यांचा बाप्तिस्मा’ या विषयावर इंग्रजीत पुस्तिका लिहिली. तिच्यात संपूर्ण पवित्रीकरणाचाच सिद्धान्त पुढे नेत त्यांनी असे मांडले की, या अग्नीचे काम अंतःकरणातील पाप जाळणे आणि माणसाला इतरांच्या सेवेसाठी समर्थ करणे हे आहे. अपरिचित भाषेत बोलणे ही पवित्र आत्मा लाभल्याची अनिवार्य खूण होय, असे मत त्या काळी अमेरिकेतील पेंटेकॉस्टल चळवळीत बळावत होते. रमाबाई आणि एब्रम्स या दोघींनीही ते स्वीकारले नाही. मुक्तीच्या मुलींचे गट आसपासच्या गावांत सुवार्तेसाठी जाऊ लागले, हेच एब्रम्स यांच्या दृष्टीने त्या अनुभवाचे खरे प्रमाण होते.

हाच अनुभव पंथाच्या चौकटीत गेला तेव्हा काय घडले, हे दक्षिण अमेरिकेत दिसले. टेलर यांनी १८७७-७८ मध्ये चिलीत स्वावलंबी मेथडिस्ट कार्याची सुरुवात केली होती. एब्रम्स यांनी आपली पुस्तिका चिलीतील मैत्रीण मे हूव्हर यांना पाठवली आणि ती वाचली गेल्यानंतर मे यांचे पती, वालपरैसोचे मेथडिस्ट पाळक विलिस हूव्हर, यांच्या मंडळीत १९०९ मध्ये केडगावसारखेच उज्जीवन झाले. पंथाच्या वार्षिक परिषदेने त्यांच्या शिकवणीवर मेथडिस्ट मताशी विसंगत असल्याचा आरोप ठेवला. १९१० मध्ये ते बाहेर पडले आणि तेथे स्वतंत्र मेथडिस्ट पेंटेकॉस्टल चर्च उदयास आले. ज्या पंथाचा जन्म प्रचीतीच्या आग्रहातून झाला, त्यानेच नव्या प्रचीतीला दार बंद केले.

या घटनांतून संस्था ही अनुभवाची शत्रू ठरते, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. केडगावात अनुभवाला अटकाव करणारी परिषद नव्हती, हे खरे. परंतु तिच्या अभावी त्याची पारख करण्याचा भार मुख्यतः रमाबाईंच्या वैयक्तिक अधिकारावर आणि विवेकावर पडला, आणि असा अधिकार व्यक्तीबरोबर संपतो. वेस्लींच्या वर्गांनी हाच भार सामान्य सभासदांत वाटून दिला होता. यवतहून वरवंडकडे जाताना तुकोबांची पालखी ज्या भांडगाववरून पुढे जाते, त्या परिसराला अनुभव व्यक्तीचा पण शिस्त सर्वांची, ही गोष्ट परकी नाही, कारण वारकरी परंपरेतही विठ्ठलाची भेट ज्याची त्याची असली तरी माळ, एकादशी, वारी आणि दिंडीची शिस्त ही सर्वांची असते. संस्था अनुभव देऊ शकत नाही आणि तो येण्याआधी त्याला मान्यताही देऊ शकत नाही. तथापि तो आल्यानंतर ज्यांच्यापुढे त्याच्या फळांचा हिशेब द्यावा लागेल असे सोबती नसतील, तर त्याची खरी पारख होणे कठीण आहे. केडगावचे महत्त्व असे की, तेथे हा हिशेब मताच्या शुद्धतेवर न मांडता सेवेच्या आचरणावर मांडला गेला, आणि मेथडिस्ट हे नाव न लावताही मेथडिस्ट विचारातील सर्वांत टिकाऊ भाग तेथे जपला गेला.