दोन फुटांचा प्रश्न

पार्लेकराला पत्ता विचारला की तो अंतर सांगत नाही, इतिहास सांगतो. "ती बिस्किटांची फॅक्टरी होती ना, तिथून पुढे या." फॅक्टरी २०१६ साली बंद पडली. पूर्वी डोळे मिटून लोकलमध्ये बसलेल्या माणसालासुद्धा बिस्किटांच्या वासावरून पार्लं आल्याचं कळे. आता वास नाही, आणि खूण म्हणून सांगावा तो बंगला पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकेल याची खात्री नाही. अशा गावात राहणाऱ्या माणसाला न हलणाऱ्या वस्तूंबद्दल आदर वाटू लागतो.

आमच्या भाच्याला तो आदर मोबाईलमधून प्राप्त झाला. त्याचा एक खेळ आहे. २ मे २००० रोजी अमेरिकन सरकारने उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली, आणि दुसऱ्याच दिवशी तिकडच्या ऑरेगन राज्यात एका गृहस्थाने झाडीत एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जगाला कळवले. तेव्हापासून जगभरची शहाणी माणसं डबे लपवतात आणि दुसरी शहाणी माणसं ते शोधतात. वास्तविक हा खेळ मी लग्नापासून घरच्या घरी खेळतो आहे. ही माझा चष्मा ठेवते, मी शोधतो. फक्त अक्षांश-रेखांश मिळत नाहीत.

डबे शोधून कंटाळा आल्यावर भाचा दगडांकडे वळला. म्हणजे डोंगरमाथ्यावरचे सर्वेक्षणाचे दगड. दगडावर एक वर्तुळ आणि मधोमध ठिपका, बस्स! विल्यम लॅम्बटन नावाच्या साहेबाने १८०२ च्या एप्रिलात मद्रासेत हे मोजमाप सुरू केलं. अर्ध्या टनाचं थिओडोलाइट डोंगरांवर चढवायचं, दूरच्या दोन खुणांमधला कोन मोजायचा, त्रिकोणाला त्रिकोण जोडत सगळा देश मोजायचा. चढवायचं म्हणजे अर्थात खलाशांनी. त्यांची नावं कुठल्याही शिखराला नाहीत. लॅम्बटन मोजत मोजत आपल्या वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटापर्यंत आला आणि १८२३ साली तिथेच वारला. त्याची कबरही तिथेच आहे.

तर एका रविवारी पहाटेची लोकल, दादरला गाडी बदलून कर्जत, आणि पुढे एक डोंगर. दोन तास चढल्यावर एका कातळकड्याच्या पायथ्याशी भाच्याचा मोबाईल किणकिणला.

"मामा, पोचलो!"

"दगड कुठाय?"

त्याने वर बोट केलं. दगड कड्याच्या डोक्यावर, म्हणजे चाळीसेक फूट उंच. पण नकाशात उंची दिसत नाही. आडव्या मापाने आम्ही दगडापासून चार पावलांवर होतो. "नोंदीत 'सापडला' असं टाकून देऊ," भाचा म्हणाला. "कुणाचं काय बिघडतंय?"

माझे गुडघे तात्काळ त्याच्या बाजूने झाले. पण प्रश्न गुडघ्यांचा नव्हता. ज्या खोट्याने कुणाचंच बिघडत नाही, ते खोटं बोलावं का?

मला एव्हरेस्टची आख्यायिका आठवली. त्या काळी 'पंधरावं शिखर' म्हणत असलेल्या डोंगराची उंची राधानाथ सिकदारांच्या गणिताने ठरली. ती म्हणे बरोब्बर २९,००० फूट निघाली. आता आली का पंचाईत! इतका गोल आकडा पाहून लोक म्हणणार, यांनी अंदाजपंचे ठोकून दिलंय. म्हणून वॉसाहेबाने दोन फूट वाढवले आणि १८५६ साली २९,००२ जाहीर केले. खरं ते खरं वाटावं म्हणून दोन फुटांचं खोटं!

ही विद्या आपल्याला नवीन नाही. कचेरीत 'ताप १०१' असं लिहिलं की साहेब संशयाने बघतात, '१०१.३' लिहिलं की रजा मंजूर. दशांश चिन्हानंतर खोटं बोलायची हिंमत कुणी करणार नाही, अशी आपली भाबडी समजूत असते.

गंमत म्हणजे नेपाळ आणि चीनने २०२० साली संयुक्तपणे जाहीर केलेली उंची ८,८४८.८६ मीटर, म्हणजे २९,०३१ फुटांवर. मूळ हिशेबच तीसेक फुटांनी कमी होता. त्या तिसांबद्दल आपण कुणाला दोष देत नाही, कारण ती प्रामाणिकपणे झालेली चूक आहे. त्या दोन फुटांची मात्र अजून गोष्ट सांगतो. चूक आणि लबाडी यांची मापं वेगवेगळ्या पट्टीने घ्यायची असतात.

आणि 'कुणाचं काय बिघडतंय' म्हणताना आपण फक्त आजूबाजूला बघतो. डोंगरावर आम्ही दोघंच होतो, खरं आहे. पण त्रिकोणाची प्रत्येक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया असते. एकजण कड्याखालून 'पोचलो' म्हणाला असता, तर त्याचं नुकसान तिसऱ्याच डोंगरावर, तिसऱ्याच माणसाला सोसावं लागलं असतं. आमची नोंद वाचून उद्या एखादा बिचारा कड्याखालची करवंदं उचकत बसला असता. ज्याचं बिघडतं तो बहुधा अजून आलेला नसतो, एवढंच.

हे सगळं मी भाच्याला ऐकवलं. त्यातून सुटका म्हणून असेल, तो वरची वाट शोधायला उठला. वळसा घालून अर्ध्या तासात माथ्यावर आलो. दगडाला शेंदूर फासलेला, पुढे नारळाची करवंटी. शेंदराखाली बोटाला ठिपका लागला.

एक गुराखी बघत होता. "काय बघाया आलात?"

"हा दगड."

"दगड खालीबी हायेत की!"

यावर लॅम्बटनपाशीही उत्तर नसतं.

एक गोष्ट मात्र भाच्याने उतरताना सांगितली. मोठ्या केंद्रांवर बहुधा एकच दगड नसे. वरच्या ठिपक्याच्या ओळंब्यात खाली जमिनीलगत, चौथऱ्याच्या पोटात, आणखी एक दगड पुरलेला असे. वरचा कुणी उखडला तरी जागा हरवायला नको. म्हणजे कुणाला कधी दिसणार नाही असा ठिपकाही त्या माणसांनी तितकाच काटेकोर कोरला. वरचा ठिपका जगाला दाखवायला प्रत्येकापाशी असतो. प्रश्न खालच्याचा आहे.

घरी आल्यावर हिने विचारलं, "काय मिळालं?"

"काही नाही."

"मग दिवसभर होतात कुठे?"

मी अक्षांश-रेखांश सांगितले. दशांशासकट. तिचा विश्वास बसला नाही.