साठवण आणि विश्वास

उन्हाळा आला की दोंडाईच्यात घरोघरी वर्षाची बेगमी होते. मिरची भरली जाते, कडुनिंबाचा पाला घालून धान्य कोठीत जाते. देवाच्या पालनावर विसंबणाऱ्यांनी असे साठवावे काय?

योसेफाने मिसर देशात सुकाळाची ७ वर्षे धान्य साठवले, ते दुष्काळात सर्वांच्या उपयोगी पडले. संत लूकच्या शुभवर्तमानातील धनवानाने मोठी कोठारे योजिली, ती केवळ स्वतःसाठी. साठवण दोन्हीकडे आहे. भेद हेतूचा आहे.

२०२० च्या टाळेबंदीत रोजच्या मजुरीवर रोजचे पीठ आणणाऱ्यांच्या चुली थंडावल्या. दारी हाक आली तेव्हा आम्हीही आधी आपल्याच डब्यात डोकावलो. ती लाज अजून जात नाही.

म्हणून कोठी भरतानाच एक पायली शेजाऱ्याच्या नावाने बाजूला काढावी. टंचाईत मन आखडते. सुकाळात केलेला निश्चय तेव्हा हात उघडा ठेवतो.