परवानगी मिळाली, पण कशाची?



भाड्याने घेतलेले घर दुसऱ्याला भाड्याने देणे शरीअतला मान्य आहे काय, हा प्रश्न जुमाच्या नमाजनंतर मला अनेकदा विचारला जातो. ‘घरमालकाची परवानगी आहे,’ एवढे सांगितले की विचारणाऱ्यास वाटते, प्रश्न मिटला. माझ्या मते खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

गेल्या वर्षी एक तरुण माझ्याकडे आला. दोन खोल्यांचे घर, भाडे आठ हजार. वडील आजारी पडल्याने त्याला पत्नी-मुलांसह गावी जावे लागले. वर्षभरात परतायचे होते, म्हणून घर सोडवत नव्हते. घरमालक वृद्ध गृहस्थ. “चाचा, घर रिकामे राहण्यापेक्षा माणूस ठेवू का?” असे याने विचारले. “ठेव बेटा,” ते म्हणाले. याने चार विद्यार्थी ठेवले, प्रत्येकी साडेतीन हजारांवर. दरमहा सहा हजार वर उरत आणि वडिलांच्या औषधाला लागत. “मौलाना, हे सहा हजार हलाल आहेत ना?” असा त्याचा प्रश्न होता.

इजारा म्हणजे घराची नव्हे, तर घराच्या उपयोगाची विक्री होय. ठरलेल्या मुदतीपुरता तो उपयोग भाडेकरूच्या मालकीचा होतो. म्हणून तो दुसऱ्यास देण्याची मुभा चारही मजहबांच्या बहुसंख्य विद्वानांनी मानली आहे. मतभेद आहे तो वरकड रकमेविषयी. हनफी मतानुसार, भाडेकरूने घरात स्वतःची काही भर घातली नसेल, तर त्याच चलनात मिळालेले वाढीव भाडे त्याच्यासाठी निर्मळ नाही. ते त्याने सदका करावे. कारण ज्या वस्तूची जोखीम आपल्यावर नाही, तिच्यावरील नफा प्रेषितांनी (स.) निषिद्ध ठरविला आहे. शाफई मतानुसार, घराचा ताबा घेतल्यावर ते कमी किंवा अधिक भाड्याने देता येते. घर रिकामे पडले तरी मालकाचे भाडे भाडेकरूलाच भरावे लागते, ही जोखीम त्याचीच आहे. कोकणातील आपले बहुसंख्य बंधू शाफई आहेत. तेव्हा दख्खनच्या मौलानांनी एक सांगितले आणि कोकणच्या मौलानांनी दुसरे, म्हणून गोंधळू नये.

तो तरुण हनफी होता. त्याने पदरच्या पैशाने पंखे लावले होते, लोखंडी कपाट ठेवले होते, मोरीची फरशी नवी करून घेतली होती. घरात भर होती. या बाजूने अडचण नव्हती. मग मी विचारले, “तेथे चार जण राहतात, हे चाचांना ठाऊक आहे?”

तो गप्प राहिला.

वाचकहो, परवानगी हा नुसता शब्द नव्हे, ती संमती आहे. आणि माणसाला जेवढे ठाऊक असते, तेवढ्यालाच त्याची संमती असते. चाचांनी होकार दिला तो एका माणसाला. चौघांचे पाणी, चौघांचा वावर आणि घराची होणारी झीज त्यांच्या ध्यानीमनी नव्हती. हनफी फिकहचे जुने ग्रंथ सांगतात की, घर भाड्याने घेणारा त्यात दुसऱ्यास ठेवू शकतो. परंतु लोहार, धोबी किंवा चक्कीवाला यांना त्यांच्या धंद्यासह मालकास न विचारता ठेवू शकत नाही, कारण त्यांच्या कामाने वास्तूस हानी पोहोचते. म्हणजेच उपयोग आपला असला, तरी भिंती दुसऱ्याच्या आहेत. आपल्या हाती त्या अमानत आहेत.

या व्यवहारात तिसराही आहे. ‘पोटभाडेकरू’ या शब्दातच त्याचे दुबळेपण दिसते. मधल्याने भाडे थकविले, तर सामान रस्त्यावर येते ते त्याचे. म्हणून मालकाने काय मान्य केले आहे आणि किती मुदतीसाठी, हे त्यास आधीच सांगावे. त्याची अनामत रक्कम खर्चून टाकू नये. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार करारात मुभा नसेल, तर पोटभाडेकरू ठेवता येत नाही. ठेवल्यास मूळ भाडेकरूलाही घर गमवावे लागू शकते. तेव्हा परवानगी लेखी घ्यावी. यात अविश्वास मानू नये. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची आज्ञा सूरह बकराच्या २८२व्या आयतीत आहे आणि पवित्र कुरआनातील ही सर्वांत दीर्घ आयत आहे.

तो तरुण चाचांकडे गेला. सर्व सांगितले. मागील महिन्यांबद्दल माफीही मागितली, कारण बंद्याचा हक्क बंद्यानेच माफ करावा लागतो. चाचांनी माफ केले, परंतु तिघांनाच संमती दिली. चौथ्या मुलासाठी याने दुसरी जागा शोधली. ती मिळेपर्यंत त्यास राहू देण्याची चाचांकडून सवड घेतली. आता सहा हजारांऐवजी अडीच हजारच उरतात. औषधांचा खर्च जड जातो, असे तो म्हणतो. मात्र, चाचांचा फोन आला की आता छातीत धस्स होत नाही, असेही तो म्हणतो.

आपणही कुणाच्या होकारावर काही उपभोगत असाल, तर एकदा स्वतःस विचारावे: सारे ठाऊक असते, तर त्याने होकार दिला असता काय? उत्तराची खात्री नसेल, तर आजच जाऊन सांगावे.

अल्लाह आपल्या कमाईत पावित्र्य आणि बरकत देवो. आमीन.