हात माझे, ड्रॉइंग कुणाचं?



आजचं चिंतन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ३, श्लोक १२

काल आपण दहावा आणि अकरावा श्लोक पाहिला. प्रजापतीनं माणूस निर्माण केला तेव्हा यज्ञही त्याच्यासोबतच दिला. तुम्ही देवांना जोपासा, देव तुम्हाला जोपासतील, असं एकमेकांना धरून चालणं तिथे सांगितलंय. आजच्या बाराव्या श्लोकात मात्र भगवान एक फार कडक शब्द वापरतात. जे मिळालं त्यातलं काही परत न देता जो नुसता उपभोगत राहतो, त्याला ते आळशी म्हणत नाहीत, स्वार्थीसुद्धा म्हणत नाहीत. 'स्तेन' म्हणतात. स्तेन म्हणजे चोर.

हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचला होता. चोर म्हटलं की डोळ्यांसमोर दुसरंच कुणीतरी यायचं. गेल्या वर्षी आषाढात मात्र तो शब्द वाचताना मी अडकलो. आज तेच सांगतो. कारण तुमच्यातले बरेच जण स्टार्टअपमध्ये काम करताहेत आणि 'पुढे स्वतःचं काहीतरी' हे मनात धरून आहेत. मीही त्यातलाच.

मी पुण्यात एका छोट्या स्टार्टअपमध्ये आहे. आम्ही मेडिकल दुकानांसाठी सॉफ्टवेअर बनवतो : बिलिंग, साठा, ऑर्डर. माणसं कमी असल्यामुळे सगळ्यांना सगळं करावं लागतं. सकाळी कोड लिहायचा, दुपारी दुकानदाराचा फोन घ्यायचा, संध्याकाळी नवीन दुकानात जाऊन डेमो द्यायचा. मी इथे आलो तेच मुळी शिकायला. दोन-तीन वर्षं धंदा आतून बघायचा, घरखर्च वर्षभर निघेल इतके पैसे बाजूला टाकायचे आणि मग आपलं सुरू करायचं, असा हिशोब होता. मुलाखतीतही मी हे लपवलं नव्हतं.

एक दुकानदार काका मला नेहमी एकच रडगाणं ऐकवायचे. मुदत संपत आलेली औषधं स्टॉकिस्टकडे परत पाठवायची आणि मग क्रेडिट नोटची वाट बघत बसायचं. किती माल गेला, किती पैसे आले, याचा मेळच लागत नाही. एक दिवस म्हणाले, "तुमच्या कंपनीला सांगून दमलो बाबा. तूच का नाही करून देत? मी पैसे देतो, अजून दहा दुकानं जोडून देतो."

त्या रात्री झोप आली नाही. आयडिया मिळाली होती, पहिला गिऱ्हाईकही मिळाला होता. पुढचे तीन आठवडे मी रात्री ते बनवत होतो. कंपनीच्याच लॅपटॉपवर. मग दिवसाही थोडं थोडं. एखाद्या तिकिटाला दोन तास लागतील असं सांगायचं, ते एका तासात संपवायचं आणि उरलेला तास 'आपल्या' कामाला. शेवटी एका शुक्रवारी मी आमच्या सगळ्या दुकानांची यादी, नावं, फोन नंबर, कोण किती माल घेतो ते सगळं, एका फाइलमध्ये काढलं आणि स्वतःच्या ईमेलवर पाठवलं. दोन क्लिकचं काम. हात थरथरले वगैरे काही नाही. उलट हुशारी केल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रोजच्या वाचनात हाच श्लोक आला.

मनानं लगेच वकिली सुरू केली. 'सगळेच करतात. कंपनी तरी कुठे माझी आहे? रात्री दहाला फोन येतात त्याचे पैसे कोण देतं?' दिवसभर हे चालू होतं. संध्याकाळी बाबांजवळ बसलो. यादीचं काही बोललो नाही, नुसतं विचारलं, "बाबा, तुम्ही वर्कशॉप सोडलं तेव्हा काय काय घेऊन आलात?"

बाबा भोसरीला एका वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं टर्नर होते. मग स्वतःचा एक जुना लेथ घेऊन जॉबवर्क सुरू केलं. ते म्हणाले, "काय आणणार? हात आणले." मग थोडं थांबून म्हणाले, "ड्रॉइंगच्या झेरॉक्स काढल्या असत्या तर पहिल्याच महिन्यात काम मिळालं असतं. काढायचे लोक."

"मग तुम्ही का नाही काढल्या?"

"अरे, हात माझे होते. शेठच्याच लोखंडावर चुकून चुकून तयार झाले, पण शेवटी माझेच ना? ते काय तिथे काढून ठेवून येणार होतो? ड्रॉइंग माझं नव्हतं. ते कुणीतरी शेठवर विश्वास ठेवून दिलेलं होतं."

पुढे देवानं याचं फळ दिलं, असं काही बाबा म्हणाले नाहीत. शेठ रागावले ते रागावलेच, कित्येक वर्षं बोलले नाहीत. पहिलं वर्ष फार ओढाताणीचं गेलं, ते आईला विचारावं. पण माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं होतं.

मंडळी, नोकरी करता करता उद्योजक व्हायची तयारी करणं ही चोरी आहे का? मला वाटतं, अजिबात नाही. नारायण मूर्ती आणि त्यांचे सहकारी आधी पाटणी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये काम करत होते, मग १९८१ मध्ये पुण्यात इन्फोसिस सुरू झाली. सुधा मूर्तींनी दिलेल्या दहा हजार रुपयांची गोष्ट आपण सगळे सांगतो, पण त्याआधीची दुसऱ्याकडची नोकरी हीसुद्धा त्या गोष्टीतलीच आहे. शिकलेलं कौशल्य, केलेल्या चुकांमधून आलेली समज, माणसांशी बोलायची सवय, हे तुमचे 'हात'. ते तुमच्याबरोबरच येणार. उलट ते नीट तयार व्हायचे असतील तर जिथे आहोत तिथे जीव ओतूनच काम करावं लागतं. अर्ध्या मनानं काम करणारा शिकतोही अर्धंच.

पण पगार घेतलेला वेळ, कंपनीसाठी लिहिलेला कोड, गिऱ्हाइकांची यादी, त्यांनी विश्वासानं सांगितलेली माहिती, हे 'ड्रॉइंग'. ते आपल्याकडे सांभाळायला दिलेलं असतं.

इथे कुणी कायद्याचं विचारेल, म्हणून तेही थोडं बघून ठेवलंय. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या निर्मितीची पहिली मालकी सहसा मालकाकडे जाते, वेगळा करार नसेल तर. दुसरीकडे, १८७२च्या करार कायद्याच्या कलम २७ मुळे 'नोकरी सोडल्यावर आमच्याशी स्पर्धा करायची नाही' असली अट आपल्याकडे सहसा टिकत नाही. म्हणजे कायदासुद्धा साधारण बाबांसारखंच बोलतो : जा, खुशाल जा, स्वतःचं कर, पण जाताना दुसऱ्याचं उचलून नेऊ नकोस. मात्र कायद्याला कळलं तरच कायदा विचारतो. माझ्या त्या दोन क्लिक कुणालाच कळल्या नसत्या. गीता तिथे विचारते, जिथे बघणारं दुसरं कुणी नसतं.

मग करायचं काय? मला एक उदाहरण फार धीर देऊन गेलं. स्टीव्ह वॉझनियाक अमेरिकेत हेवलेट-पॅकार्डमध्ये कॅल्क्युलेटरच्या विभागात इंजिनीअर होता. फावल्या वेळात त्यानं एक कॉम्प्युटर तयार केला, तोच पुढे ॲपलचा पहिला कॉम्प्युटर ठरला. स्टीव्ह जॉब्ज विकायची घाई करत होता. पण वॉझनियाकचं म्हणणं असं, की मी इथला नोकर आहे, माझ्या डिझाइनवर पहिला हक्क कंपनीचा. तो आधी कंपनीकडे गेला आणि दाखवलं. कंपनी नाही म्हणाली. एकदा नाही, पाच वेळा, असं तो पुढे सांगत आला आहे. १९७६ मध्ये ॲपल सुरू झाली तेव्हा त्याच्या मनावर कसलं ओझं नव्हतं. त्यानं आधी विचारलं होतं.

मीही सोमवारी आमच्या फाउंडरला सगळं सांगितलं. आयडियाचं, लॅपटॉपचं, तासांचं आणि त्या यादीचंसुद्धा. शेवटचं सांगताना घसा कोरडा पडला होता. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्यानं एवढंच विचारलं, "यादी अजून कुठे गेलीय?" मी त्याच्यासमोर ती पुसून टाकली. त्यानं नोकरीवरून काढलं नाही. पण गिऱ्हाइकांचा डेटा बघायची माझी परवानगी काढून घेतली, ती पाच महिने परत दिली नाही. आयडियाबद्दल म्हणाला, "हे आपल्या गिऱ्हाइकांनी आपल्याला सांगितलंय, आपणच करू." मी केलेलं काम देऊन टाकलं.

खरं सांगू? कंपनीनं ते अजून बनवलेलं नाही. काका भेटले की विचारतात आणि दर वेळी पोटात खड्डा पडतो. 'गप्प बसलो असतो तर' हा विचार येतोच. खरं बोललं की सगळं गोड होतं, असं मी तुम्हाला सांगणार नाही. माझं नुकसान झालं. फक्त आता श्लोक वाचताना त्या शब्दावर थांबावं लागत नाही.

आता तुमच्यातलं कुणीतरी म्हणेल, 'कंपनी मला एका मेलवर काढू शकते. ईसॉपचं गाजर दाखवते, वर्ष भरायच्या आत सोडलं तर हातात काहीच येत नाही. मग मीच का यज्ञ करायचा?' प्रश्न रास्त आहे. अकराव्या श्लोकातली जोपासना दोन्ही बाजूंची आहे, एकट्या नोकराची नाही. जी कंपनी माणसं पिळून घेते आणि परत काही देत नाही, तिलाही बारावा श्लोक लागू होतो. अशा ठिकाणी राबत राहणं म्हणजे भक्ती, असं भगवंतांनी कुठेही म्हटलेलं नाही. बोला, भांडा, नोटीस द्या, सोडा. सोडायचा रस्ता उघडा आहे. पण 'ते चोरतात म्हणून मीही थोडं चोरतो' हा रस्ता नाही. तो धरला तर उद्या आपल्या कंपनीत आपण तीच सवय घेऊन जाऊ. आपण पहिली तीन माणसं कामावर ठेवू, त्यातलं एक तितकंच हुशार असेल, आणि त्याला सांगायला आपल्याकडे तोंड नसेल.

मी अजून इथेच आहे. तयारी चालू आहे. फरक एवढाच की माझं काम माझ्या जुन्या लॅपटॉपवर, माझ्या वेळात असतं आणि आता ज्या विषयावर करतोय तो फाउंडरला माहीत आहे. मनात शंका आली की स्वतःला एकच प्रश्न विचारतो : हे मी उद्या त्याच्यासमोर बसून सांगू शकेन का? सांगता येईल ते करतो. सांगायला जड जाईल ते ठेवून देतो.

आजचा संकल्प : आज झोपण्याआधी पाच मिनिटं बसून दोन याद्या करा. एकीत आपले हात, म्हणजे या नोकरीत मी काय शिकलो. दुसरीत ड्रॉइंग, म्हणजे माझ्याकडे दुसऱ्याचं काय काय आहे. पहिली यादी वाचून पांडुरंगाचे आभार माना. दुसरीतलं एखादं परत करायचं राहिलं असेल, तर उद्याच करून टाका.

उद्या तेरावा श्लोक. फक्त स्वतःसाठी शिजवणाऱ्याबद्दल भगवान काय म्हणतात, ते बघू.

राम कृष्ण हरी.