रक्ताबद्दल तक्रार नाही

२०२० साली डीन कून्ट्झच्या ‘द आइज ऑफ डार्कनेस’ या थरारकादंबरीचं एक पान मोबाइलवरून जगभर हिंडलं. त्यात ‘वुहान-४००’ नावाचा, प्रयोगशाळेत घडवलेला विषाणू होता. झालं, लेखक द्रष्टा ठरला. ‘लेखकाला आधीच दिसतं’ हे सिद्ध करायला आपले समीक्षकही हेच पान पुढे करतात. १९८१च्या पहिल्या आवृत्तीत हा विषाणू ‘गोर्की-४००’ होता, म्हणजे सोव्हिएत. १९८९च्या आवृत्तीत तो चिनी झाला. शत्रू बदलला की भाकिताचं गावही बदलतं! शिवाय हा विषाणू लागण झालेल्या प्रत्येकाला चोवीस तासांत मारतो. कोव्हिडने उलट केलं: बहुतेकांना जगू दिलं, चालतंफिरतं ठेवलं, म्हणूनच तो पसरला.

अशा कादंबऱ्यांवरचा नेहमीचा आक्षेप त्यांच्या किळसवाण्या वर्णनांवर असतो, आणि त्याला आधारही आहे. रिचर्ड प्रेस्टनच्या ‘द हॉट झोन’ने (१९९४) इबोला म्हणजे शरीर विरघळून रक्ताचे पाट, असं चित्र रुजवलं, ते पुस्तक तर कादंबरी नसून वृत्तान्त आहे. २०१४ ते २०१६ या काळात पश्चिम आफ्रिकेत अकरा हजारांवर माणसं इबोलाने गेली, त्यांतल्या बहुसंख्यांत ठळक रक्तस्राव दिसला नाही. सुरुवातीला मलेरियासारखा ताप, मग उलट्या-जुलाब. रक्ताची वाट पाहणाऱ्याला रोगी ओळखूच येणार नाही. तरीही हा आक्षेप मला पुरता पटत नाही. कोव्हिडमध्ये मरण प्लास्टिकमध्ये गुंडाळलं गेलं आणि आपल्यापर्यंत संध्याकाळचा आकडा तेवढा पोचला. आजार शरीरालाच होतो आणि शरीर घाण होतं, एवढं तरी ही बदनाम कादंबरी लपवत नाही. दोष रक्तात नाही, खलनायकात आहे.

रॉबिन कुकच्या ‘आउटब्रेक’मध्ये (१९८७) डॉक्टरांची एक टोळी प्रतिस्पर्धी दवाखाने बुडवण्यासाठी इबोला पसरवते. टोळी पकडली की वाचक सुटतो. आता खरी घटना पाहा. १९७६, झाईरमधलं यंबुकू. बेल्जियन नन्सच्या मिशन रुग्णालयात रोज सकाळी बाह्यरुग्ण विभागाला पाच सिरिंज मिळत. एकाला टोचलं की कोमट पाण्यात खळबळायची, पुढच्याला टोचायची. गरोदर बायका इंजेक्शन घ्यायला रांगेत उभ्या राहत. ३१८ जणांना लागण झाली, २८० मेले. मृतांत नन्सही होत्या. तिथे कुणाचंच वाईट करायचं कुणाच्या मनात नव्हतं. गरिबी होती, इंजेक्शनवर सगळ्यांचा विश्वास होता आणि सुया पाच होत्या.

कुणी म्हणेल, कादंबरी म्हणजे आरोग्यखात्याचं पत्रक नव्हे. खलनायकाशिवाय थरार कुठला? पहिला भाग मान्य. पण खलनायकाची गोष्ट पुस्तकात कोंडून राहत नाही. सप्टेंबर २०१४मध्ये गिनीतल्या वोमे गावात इबोलाची माहिती द्यायला आलेल्या पथकातल्या आठ जणांना गावकऱ्यांनी मारलं. रोग हीच माणसं आणतात असा त्यांचा संशय होता. त्यांनी कुक वाचला नव्हता, कथानक मात्र तेच होतं. आणि थराराचं म्हणाल, तर चौथ्या बाईच्या दंडात शिरणारी तिसरीची सुई कोणत्या टोळीपेक्षा कमी भयंकर आहे? यंबुकूच्या त्या पाच सिरिंजांवर कुणी भयकादंबरी लिहावी. पानोपानी रक्त असलं तरी चालेल.