विधि आणि विवेक

नियमानें वागणाऱ्या मनुष्याविषयीं सुशिक्षित समाजांत आदर असतो, पण कौतुक नसतें. कौतुक होतें तें नियम मोडून यशस्वी होणाऱ्याचें. ज्या थोरांच्या कथा आपण मुलांना सांगतों त्यांनीं बहुधा रूढ वाट सोडलेली असते. ज्याच्या हिशेबांत चाळीस वर्षांत एका पैची चूक निघाली नाहीं अशा कारकुनाची गोष्ट कोणी लिहीत नाहीं. या आवडीच्या मुळाशीं एक तत्त्वज्ञान दडलेलें आहे. तें असें कीं, बुद्धि जेथें स्वतंत्रपणें निर्णय करते तेथेंच मनुष्य हा मनुष्य असतो, आणि लिहून दिलेल्या विधीप्रमाणें चालूं लागला कीं तो यंत्र होतो. हें मत कितपत खरें आहे हें तपासून पाहण्यास जेट विमानाच्या वैमानिकाच्या धंद्यासारखें दुसरें उदाहरण सांपडणें कठीण.

वैमानिकाचें काम धाडसाचें असावें अशी सामान्य प्रवाशाची समजूत असते. प्रत्यक्षांत त्यांतील बराच भाग वाचण्याचा आणि उत्तर देण्याचा असतो. दोघांपैकीं एक जण विमान चालवितो. दुसरा लक्ष ठेवतो व जमिनीवरील नियंत्रकाशीं बोलतो. उड्डाणापूर्वीं आणि उतरण्यापूर्वीं एकानें यादींतील कलम वाचावयाचें व दुसऱ्यानें तें तें उपकरण पाहून उत्तर द्यावयाचें. धावपट्टीवर धांवतांना ‘व्ही-वन’ नांवाचा एक वेग असतो. तो आधींच हिशेब करून ठरविलेला असतो. तेथपर्यंत थांबतां येतें. त्यापुढें एक इंजिन बंद पडलें तरी उडालेंच पाहिजे, कारण उरलेल्या धावपट्टींत विमान थांबेल अशी खात्री नसते. म्हणून पुष्कळ कंपन्यांत असा शिरस्ता आहे कीं, त्या वेगाचा पुकारा होतांच कॅप्टननें इंजिनांच्या दांड्यांवरील हात काढून घ्यावा. हात तेथें राहिला तर भीतीच्या क्षणीं तो दांड्या मागें ओढील, हें नियम करणाऱ्यांनीं ओळखलें होतें.

या याद्यांचा इतिहास उद्बोधक आहे. १९३५ सालच्या ऑक्टोबरच्या ३० तारखेस अमेरिकेंत ओहायो राज्यांतील डेटन शहराजवळ, राइट फील्ड येथें, बोइंग कंपनीचें चार इंजिनांचें नवें लष्करी विमान परीक्षेसाठीं उडालें आणि थोडें वर चढून कोसळलें. इंजिनांत बिघाड नव्हता. विमान उभें असतांना शेपटीकडील झडपा वाऱ्यानें हलूं नयेत म्हणून अडसर लावतात. तो काढावयाचा राहून गेला होता. चालविणारा लष्कराचा निष्णात वैमानिक होता आणि कंपनीचा मुख्य परीक्षक वैमानिकही विमानांत होता. दोघेही प्राणास मुकले. त्यानंतर वैमानिकांनीं प्रत्येक टप्प्यावर करावयाच्या गोष्टींच्या याद्या केल्या, आणि तेंच विमान पुढें ‘बी-१७’ या नांवानें दुसऱ्या महायुद्धांत हजारोंच्या संख्येनें उडालें. यादी अडाण्यासाठीं जन्मास आली नाहीं. ती तज्ज्ञासाठीं आली.

येथें आपल्या तत्त्वज्ञानास पहिला धक्का बसतो. विधि म्हणजे बाहेरून लादलेली परकी आज्ञा असें आपण गृहीत धरतों. वस्तुतः शांत वेळीं विचार करणाऱ्या मनानें गोंधळाच्या वेळीं वागणाऱ्या मनासाठीं लिहून ठेवलेला तो निरोप असतो. हीं दोन्ही मनें एकाच माणसाचीं असलीं तरी सारख्या योग्यतेचीं नसतात. रात्रीं केलेला संकल्प पहांटे कसा विरघळतो हें ज्यास ठाऊक आहे, त्यास हें निराळें सांगावयास नको. जो आपल्या शांत बुद्धीची आज्ञा भ्यालेल्या बुद्धीकडून पाळून घेतो, त्यास परतंत्र कोण म्हणेल?

विधीचा दुसरा गुण असा कीं, तो पायरी पाहत नाहीं. १९७७ सालच्या मार्चच्या २७ तारखेस टेनेरीफ बेटावर, धुक्यानें वेढलेल्या धावपट्टीवर, दोन अवाढव्य जेट विमानांची टक्कर होऊन ५८३ माणसें मेलीं. ज्या विमानानें परवानगीवांचून धांव घेतली त्याचा कॅप्टन आपल्या कंपनींत इतरांना शिकविणारा, अत्यंत मानाचा वैमानिक होता. समोरचें विमान धावपट्टीवरून बाजूस झालें नसेल काय, अशी शंका त्याच्या कनिष्ठ सहकाऱ्यानें काढलीही होती. वरिष्ठानें ती ठामपणें झटकली आणि धाकटा गप्प राहिला. वडिलांपुढें बोलूं नये हा संस्कार ज्या घरांत आहे, त्या घरांस या मौनाचा अर्थ समजण्यास कष्ट पडणार नाहींत. पुढें वैमानिकांच्या शिक्षणांत धाकट्यानें बोलावें व वडीलानें ऐकावें हाही कर्तव्याचा भाग ठरला. धाकट्यास विचारण्याचा अधिकार विधीनें दिला. नुसत्या सौजन्यानें तो मिळाला नसता.

एवढ्यावरून विधीचा जयजयकार करून मोकळें व्हावें असें मात्र नाहीं. २००८ सालच्या ऑगस्टच्या २० तारखेस माद्रिद येथें एक विमान उडतांच पडलें आणि १७२ पैकीं १५४ जण मृत्युमुखीं पडले. पंखांच्या कडेच्या ज्या पट्ट्या खालीं उतरविल्यावांचून कमी वेगांत विमान हवेंत तरत नाहीं, त्या उतरविलेल्याच नव्हत्या. धोक्याची सूचना देणारें यंत्रही बोललें नाहीं. शेवटच्या तपासणींत त्या पट्ट्यांच्या अंशांचा आंकडा मात्र तोंडानें उच्चारला गेला होता. जिभेनें उत्तर दिलें, डोळ्यांनीं पाहिलें नाहीं. अर्थाकडे लक्ष न देतां संध्या उरकणारा कर्मठ आपण सर्वांनीं पाहिलेला आहे. विधि पाळला गेला म्हणजे त्याचा हेतु साधला असें नव्हे. प्रत्येक कलमागणिक मन जागें असावें लागतें.

आतां विवेकाच्या कैवाऱ्यांस प्रिय असलेलें उदाहरण घेऊं. २००९ सालच्या जानेवारीच्या १५ तारखेस न्यूयॉर्कहून उडालेल्या विमानाच्या दोन्ही इंजिनांत पक्षी शिरले, तेव्हां तें ३००० फुटांच्याही आंत होतें. सुमारें साडेतीन मिनिटांत कॅप्टन सलेनबर्गर यांनीं तें हडसन नदींत उतरविलें आणि सर्वच्या सर्व १५५ जण वांचले. अशा प्रसंगाची यादी होती, पण ती फार उंचावरील आपत्ति गृहीत धरून लिहिलेली. ती पुरी वाचण्यास अवधि नव्हता. वीज पुरविणारें सहायक यंत्र चालू करण्याचें कलम तींत बरेंच पुढें होतें. कॅप्टननें तें आरंभींच चालू केलें. पण त्याच वेळीं शेजारीं सहवैमानिक स्काइल्स यादी उघडून इंजिनें पुन्हां चालू करण्याचीं कलमें क्रमानें पार पाडीत होते. विधीनें कामाची वांटणी आधींच करून ठेवली होती, म्हणून एकास नदीकडे पाहण्याची सवड मिळाली. कोणतें कलम थांबूं शकतें आणि कोणतें नाहीं, हें सुमारें वीस हजार तासांच्या उड्डाणानें ज्याच्या अंगीं मुरलें होतें, त्यानेंच क्रम बदलला.

आंतरराष्ट्रीय विमानवाहतुकीचे नियमही हें जाणतात. सुरक्षिततेसाठीं अपरिहार्य असेल तर विमानाच्या मुख्य चालकानें नियम सोडावा, अशी मुभा त्या नियमांतच लिहिलेली आहे. अर्थात् मागाहून त्याचा जाब त्यानें द्यावयाचा असतो.

हा जाबच विधि आणि विवेक यांचा सांधा होय. आपल्या कचेऱ्यांत ‘नियमांत बसत नाहीं’ हें वाक्य पुष्कळदां जबाबदारी झटकण्यासाठीं उच्चारलें जातें. दारांतून परत जाणाऱ्या म्हाताऱ्याचें पुढें काय होतें हें खुर्चींतील मनुष्यास सोसावें लागत नाहीं. वैमानिकाची स्थिति निराळी आहे. ज्या विमानाचे नियम तो पाळतो त्याच विमानांत तो स्वतः बसलेला असतो. म्हणून त्याचें नियमपालन आंधळें राहूं शकत नाहीं आणि त्याचा नियमभंग उथळ होऊं शकत नाहीं. नियम पाळणाऱ्यास यंत्र म्हणून हिणविण्यापूर्वीं, तो परिणामाचा वांटेकरी आहे कीं नाहीं, एवढें आपण विचारावें. आणि नियम करणाऱ्यांसही हाच प्रश्न विचारण्याचा संकोच करूं नये.