दिग्व्रत आणि घरातले वायफाय

नव्या घरात वायफायसाठी कोणता ॲक्सेस पॉइंट लावावा, किती लावावेत, स्विच पाच पोर्टचा घ्यावा की आठ, हे प्रश्न सुरतेत दुकानाच्या काउंटरवर सुटतात. किंमत, वेग आणि ‘रेंज किती’ एवढ्यावर व्यवहार संपतो. माझ्या मते त्याआधी एक धर्माचा प्रश्न उभा आहे. जे सर्वांचे आहे, ज्यावर पहारा नाही आणि ज्याचे बिल येत नाही, त्यातला वाटा उचलताना गृहस्थाने कुठे थांबावे? सुरतेत हा प्रश्न विचारायला परकी परिभाषा आणावी लागत नाही. गोपीपुऱ्यातली जैन देरासरे ज्या परंपरेची, तिने श्रावकासाठी बारा व्रते सांगितली आणि त्यांत दिग्व्रताला जागा दिली. चार दिशा, चार उपदिशा, वर आणि खाली अशा दहाही दिशांना माणसाने आपल्या वावराची सीमा स्वतःच आखून घ्यायची आणि तिच्यापलीकडे जायचे नाही. साधूने सगळे सोडावे, पण संसारी माणसाने निदान माप ठरवावे, हा या व्रतांमागचा व्यवहारी विचार आहे. आणि माप गरज पडल्यावर ठरवायचे नसते, आधीच ठरवायचे असते.

ही सीमा आपल्या पायांना शोभते, पण रेडिओला कशी लावायची? उधना, लिंबायत, डिंडोलीकडच्या सोसायट्या पाहाव्यात. जळगाव-धुळ्याकडून लूमवर कामाला आलेली खानदेशी कुटुंबे तिथे भिंतीला भिंत लावून राहतात. खाली मालक आणि वर भाडेकरू, मध्ये एक स्लॅब. तिथला प्रत्येक ॲक्सेस पॉइंट खरोखर दहा दिशांना जातो, वर आणि खाली धरून. तो ज्या लहरींवर जातो त्या कोणाच्या, याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली दिले आहे. क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालाने हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचे स्पष्ट केले. पुढे 2005 मध्ये 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त झाला, तोही सामाईक वापराच्या आणि दुसऱ्याला अडथळा न करण्याच्या अटीवर. म्हणजे कायद्याने ही हवा आपल्याला दिली ती गायरानासारखी, सातबाऱ्यावर नाव चढवून नव्हे.

हे गायरान फार लहान आहे. सगळा पट्टा 83.5 मेगाहर्ट्झचा, आणि त्यात एकमेकांना न अडवणारी नेहमीची चॅनेले तीनच: 1, 6 आणि 11. एका चॅनेलवर एका वेळी एकच उपकरण बोलू शकते. बाकीची आधी कानोसा घेतात आणि हवा मोकळी झाली की बोलतात. हा शिष्टाचार यंत्रांच्या रचनेतच आहे, शेजारच्या घरातल्या यंत्रांशीही ती तसेच वागतात. म्हणून शेजाऱ्याचे वायफाय ‘स्लो’ असते तेव्हा त्याचे इंटरनेट कमी पडलेले असतेच असे नाही. अनेकदा त्याची पाळीच आलेली नसते. आणि कोणी काही पाहत नसले, घरातले सगळे झोपलेले असले, तरी प्रत्येक ॲक्सेस पॉइंट आपल्या प्रत्येक नेटवर्कच्या नावाची हाळी सेकंदाला सुमारे दहा वेळा देत असतो. पाहुण्यांसाठी एक, कॅमेऱ्यांसाठी एक अशी नावे वाढवली की हाळ्याही तितक्या पटींनी वाढतात.

इथे दिग्व्रताच्याच गटातले दुसरे एक व्रत कामी येते: अनर्थदंडविरती. ज्यातून आपलाही काही हेतू साधत नाही आणि दुसऱ्याला मात्र त्रास होतो, असे वागणे टाळायचे. श्रावकाचाराच्या ग्रंथांत याचे प्रकार दिले आहेत. त्यांतल्या प्रमादचर्येत विनाकारण जमीन खणणे, पाणी सांडणे, झाडे तोडणे येते. जास्त ताकदीचा ॲक्सेस पॉइंट घेऊन तो पूर्ण जोरावर ठेवणे मला याच जातीचे वाटते. कारण संभाषण दुतर्फी असते. यंत्राने कितीही जोरात हाक मारली तरी खिशातल्या फोनचा रेडिओ दुबळाच राहतो आणि त्याचे उत्तर मागे पोचत नाही. मग फोनवर कांड्या भरलेल्या दिसतात, काम अडलेले असते आणि तीन घरांपलीकडचा माणूस मात्र खोळंबतो. 2.4 वर 40 मेगाहर्ट्झचे रुंद चॅनेल लावणेही तसेच. त्याने जवळजवळ अर्धा पट्टा एकट्याच्या घरात जातो.

मग निवड कशी करावी? जे जागचे हलत नाही ते हवेतून काढावे. टीव्ही, टेबलावरचा संगणक, कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर यांना तार द्यावी. साधा गिगाबिट स्विच यासाठी पुरतो. तो ज्याचा मजकूर त्याच्याच पोर्टवर पाठवतो, एकाच वेळी दोन्ही दिशांनी चालतो आणि शेजाऱ्याच्या वाट्याला हातही लावत नाही. हवा राहावी ती फोनसारख्या फिरत्या वस्तूंसाठी. मोठ्या घरात एकच दांडगा ॲक्सेस पॉइंट लावण्यापेक्षा दोन छोटे, कमी ताकदीवर, तारेने जोडलेले लावावेत. तारेतूनच वीज देणारा पीओई स्विच घेतला तर छतापाशी वेगळा प्लगही लागत नाही. बिनतारी मेश सोयीचा खरा, पण दोन यंत्रांमधली ने-आण एकाच रेडिओवरून होत असेल तर तोच मजकूर हवेतून दोनदा जातो.

यावर म्हटले जाईल की 2018 मध्ये 5 गिगाहर्ट्झचा मोठा पट्टा खुला झाला, आता टंचाई कुठे आहे? सवलत मोठी आहे हे खरे. शिवाय या लहरी काँक्रीटच्या भिंतीत लवकर मंदावतात. लोक त्याला उणीव म्हणतात, दिग्व्रताच्या दृष्टीने तो गुण आहे. पण 160 मेगाहर्ट्झची चॅनेले घरोघर लागली तर तो पट्टाही भरेल, आणि स्वस्त कॅमेरे, स्मार्ट प्लग, जुने फोन 2.4 वरच राहतील. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ही व्रते जीवहिंसेच्या विचारातून आली, सिग्नलने कोणी मरत नाही, मग त्यांना इथे ओढणे हा अतिरेक नाही का? त्या अर्थाने ही हिंसा नव्हे, हे मी मान्य करतो. मी व्रतांमागची विचाराची रीत घेतो आहे, त्यांचे पुण्य नव्हे. तरी पलीकडे लहरी नसतात, माणूस असतो. वरच्या खोलीतल्या भाडेकरूला भिंत फोडून तार टाकता येत नाही. त्याच्या मुलीचा अभ्यास एका फोनवर चालतो आणि त्या फोनला हवेशिवाय रस्ता नाही. ज्याला तारेचा पर्याय आहे त्याच्यावर म्हणूनच जबाबदारी जास्त येते.

‘मी एकट्याने आवरून काय होणार, शेजारी तर फुल ताकदीवरच ठेवणार’ हा तिसरा आक्षेप. सुरतेने 1994 च्या प्लेगनंतर पाहिले की आपापला उंबरा झाडून शहर स्वच्छ होत नाही, एस. आर. राव आयुक्त असताना सामाईक जागेचीच शिस्त लागली, तेव्हा चित्र पालटले. पण इथे तितकी वाटही पाहावी लागत नाही. टीव्ही तारेवर गेला की त्याचा भार त्याच क्षणी हवेतून उतरतो, शेजारी काहीही करो. सोसायटीच्या बैठकीत कोणते घर कोणत्या चॅनेलवर, एवढे ठरवणे ही पुढची पायरी. बांधकाम चालू असेल तर स्लॅब भरण्याआधी प्रत्येक खोलीकडे तारेसाठी एक रिकामा पाइप टाकून घ्यावा. जुन्या रो-हाउसमध्ये चौकटीच्या कडेने केसिंग-पट्टी मारून कॅट-6 ची तार नेता येते.